गेरूची रेघ

एकदा एका खाडीच्या काठी एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांची पाठशाळा म्हणजे झावळ्यांनी शाकारलेले एक छप्पर आणि शेणाने सारवलेले अंगण, इतकीच. तिथून एका दिवसाच्या वाटेवर, टेकडीच्या माथ्यावर, त्या देशातले सर्वात मोठे विद्यापीठ होते. तिथे दगडी सभागृह होते, तेरा दालनांचे ग्रंथालय होते, आणि देशभरचे पंडित तिथे बसून शास्त्रांत भर घालत. दर तिसऱ्या वर्षी वैशाख वद्य पंचमीला विद्यापीठाची सभा भरे. ज्याला तिथे पुढील अध्ययन करायचे असेल त्याने स्वतः केलेल्या निरीक्षणाची वही घेऊन सभेपुढे उभे राहायचे आणि पंडितांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, असा नियम होता. नियम सर्वांना सारखा होता आणि दार सर्वांना उघडे होते. तरीही वर्षानुवर्षे त्या दारातून त्याच दहा-बारा घराण्यांतली मुले आत जात, आणि याचे कोणाला फारसे नवल वाटत नसे.

नवल वाटण्यासारखे त्यात काही नव्हतेच म्हणा. ज्याचा आजा सभेत बसला, बाप सभेत बसला, त्याला वही कशी लिहायची हे जेवता जेवता कळते. पंडिताने आवाज चढवला तरी तो रागावलेला नसतो, केवळ वाद घालत असतो, हे त्याला मिसरूड फुटण्याआधीपासून ठाऊक असते. कुंभाराच्या, बुरुडाच्या, मिठागरावर राबणाऱ्याच्या मुलाला हे कोणी सांगायचे? तो बिचारा पहिल्याच आडव्या प्रश्नाला "चुकलो महाराज" म्हणून हात जोडी आणि पायऱ्या उतरून घरी जाई. पंडित मनापासून हळहळत आणि म्हणत, "मुलगा बुद्धिमान होता, पण संस्कार कमी पडले." हे वाक्य मी आजही शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकतो, आणि दर वेळी माझ्या मस्तकात तिडीक जाते.

आचार्यांनी आपली पाठशाळा अशाच मुलांसाठी काढली होती. दोन वर्षे ते मुलांना ठेवून घेत. दोन वेळचे जेवण देत, आणि मुलाच्या घरी महिन्याला पायलीभर तांदूळ पोचवत, म्हणजे हाताशी माणूस हवे म्हणून घरचे त्याला परत बोलावणार नाहीत. पाठांतर थोडे असे. मुख्य काम एकच: प्रत्येकाला एक प्रश्न दिला जाई आणि त्याने वर्षभर त्या प्रश्नाची पाठ सोडायची नाही. दर शनिवारी अंगणातल्या चपट्या दगडावर एकेकाने उभे राहायचे आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. "मला ठाऊक नाही" हे तीन शब्द एकदा तरी मान वर ठेवून म्हटल्याशिवाय दगडावरून खाली उतरायचे नाही, असा त्या शनिवारचा दंडक होता. मुलांना हा दंडक सर्वात जड जाई. काही न येणे ही ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिवी होती, त्यांच्या तोंडून ते शब्द सहज कसे निघणार!

तर त्या वर्षी पाठशाळेत एक कोळ्याची मुलगी होती. तिच्या कोळीवाड्यातून अक्षर ओळखणारी ती पहिलीच. वडील वादळात गेलेले, आई मासे सुकवून बाजारात विकणारी. मुलगी मोठी तल्लख होती आणि तिचे अक्षर तर असे, की जुन्या ग्रंथांच्या प्रती करायला आचार्य तिलाच बसवीत. तिला त्यांनी प्रश्न दिला: "खाडीचे पाणी सर्वात उंच केव्हा चढते?"

मुलगी हिरमुसली. कुंभाराच्या मुलाला मातीवर प्रश्न मिळाला होता, त्याचे उत्तर खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते. आणि आपल्याला हा असला!

"आचार्य, याचे उत्तर ग्रंथात आहे," ती म्हणाली. "सर्वोच्च भरती पौर्णिमेस व अमावास्येस येते. मीच त्या पानाची प्रत केली आहे."

"असेल," आचार्य म्हणाले. "तू पाण्याला विचार."

आश्विनाच्या पहिल्या पंधरवड्यात तिने कामाला प्रारंभ केला. धक्क्याच्या आडोशाला, जिथे लाटेचा मार लागत नाही अशा ठिकाणी, तिने एक उभा चिरलेला वेळू रोवला आणि त्यावर अंगुळा-अंगुळाच्या खुणा कोरल्या. रोज भरतीपूर्वी ती वेळूच्या आतल्या बाजूला गेरू फासत असे. पाणी जिथवर चढे तिथवर गेरू धुऊन जाई आणि वर लाल रेघ उरे. ती रेघ मोजायची आणि कच्च्या वहीत मांडायची. भरती रोज दोन घटका पुढे सरकते, तशी तिची जेवणाची वेळही पुढे सरके. बोटे कायम लाल, वहीची पाने लाल, चिखलाने कडा फुगलेल्या. तरी तिने एक दिवस चुकवला नाही.

पहिल्या पौर्णिमेला रेघ एका खुणेवर आली. प्रतिपदेला ती तीन अंगुळे वर गेली आणि द्वितीयेला, म्हणजे बीजेला, सात अंगुळे. मग उतरू लागली. मुलीला वाटले, वेळू खचला असेल. तिने तो उपटून दगडांत पक्का बसवला. अमावास्येनंतर पुन्हा तेच झाले. मग तिला वाटले वाऱ्याने झाले असेल. मग वाटले आपण तिथी चुकलो. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. दर उधाणाला पाणी ग्रंथातला दिवस टाळून एक-दोन दिवसांनीच सर्वात वर चढत होते, आणि दर वेळी मुलगी स्वतःतच नवा दोष शोधत होती. ग्रंथात दोष असेल ही शंका तिला आलीच नाही. आली असेल तर ती तिने पापासारखी मनातच दाबली.

पौषात तिची आई भेटायला आली. येताना तिने पानात बांधून सुक्या कोळंबीचे सोडे आणले होते. सगळी मुले अंगणात जेवायला बसली असताना तिने विचारले, "काय गो बाय, काय शिकतंस तू हितं?"

कुंभाराच्या मुलाने कौतुकाने सांगितले, "ती भरती मोजते, मावशी. पौर्णिमेला पाणी किती चढतं ते."

"पुनवेला?" आई हसू लागली. "पुनवेला काय एवढा पानी? पानी चढतं बीजेला. आमी होरी वर वढतो ती बीजेच्या पान्यावर. पुनवेला वढलीस तर अर्ध्या वाटंवर रुतंल!"

मुलीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "आये, गप ऱ्हा. ग्रंथात तसं नाही."

"ता मना ठावं नाय बा," आई म्हणाली आणि खरोखरच गप्प झाली. संध्याकाळी निघताना तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण पाण्याविषयी ती पुन्हा बोलली नाही.

आचार्य हे सारे ऐकत बसले होते. त्यांनी सोड्यांचा घास तोंडात घातला आणि मान खाली करून जेवत राहिले.

चैत्र सरला. सभेसाठी प्रत्येकाने कच्च्या वहीवरून पक्की वही तयार करायची होती. मुलगी पाच दिवस लिहीत बसली. एकीकडे तिची चौदा उधाणांची कच्ची वही होती, दुसरीकडे ग्रंथातले वाक्य होते, आणि समोर टेकडीवरची सभा. पंडित विचारतील, "ग्रंथ पौर्णिमा म्हणतो, तू बीज म्हणतेस, तू कोण?" याचे तिच्याजवळ उत्तर नव्हते. तीन वर्षांतून एकदा भरणारी सभा. परत पाठवले तर पाठशाळेतली दोन वर्षेही संपलेली. मग आईबरोबर मासे सुकवायचे आणि वाड्यातल्या कोणत्याही मुलीने पुन्हा अक्षराचे नाव काढायचे नाही. तिने लेखणी उचलली आणि चौदाही ठिकाणी सर्वात मोठा आकडा पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या घरात नेऊन बसवला. बीजेच्या घरात लहान आकडा लिहिला. कच्ची वही तिला फेकवली नाही. ती तिने आपल्या चटईखाली सरकवून दिली.

वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी आचार्यांनी पक्की वही पाहिली. एकेक पान सावकाश उलटले.

"अक्षर फार सुंदर आहे," ते म्हणाले. "सात महिन्यांत एकही खाडाखोड नाही."

मुलीने खाली पाहिले.

"चल," म्हणून ते उठले आणि काठी टेकत धक्क्याकडे निघाले. मागून सगळी मुले. तिथे त्यांनी विचारले, "तुझ्या वहीप्रमाणे सर्वात उंच पाणी कोठवर येते?" मुलीने खडकावरची पौर्णिमेच्या भरतीची खूण दाखवली. आचार्यांनी त्या खुणेच्या वर चार बोटे मोजली. नेमक्या त्या उंचीवर काळ्या खडकाला एक कपार होती. तिच्यात त्यांनी ती पक्की वही उघडी ठेवली, वर वजनाला एक गोटा ठेवला आणि म्हणाले, "तृतीयेला पहाटे सभेला निघायचे आहे. तोवर वही इथे राहील. कोणी हात लावायचा नाही."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. कुंभाराचा मुलगा हळूच पुटपुटला, "आचार्यांचं वय झालं रे." मुलगी मात्र कपारीपासून खुणेपर्यंतचे अंतर मनातल्या मनात मोजत होती.

त्या दिवशी माध्यान्हीला पाणी खुणेपर्यंत आले आणि वहीच्या चार बोटे खालून परतले. "पाहिलेस?" आचार्य म्हणाले. "वही सुरक्षित आहे." प्रतिपदेला पाणी वहीच्या खाली एका बोटावर येऊन थांबले. मुलीने दोन्ही दिवस अन्नाला हात लावला नाही.

बीजेला माध्यान्हीनंतर सगळे पुन्हा धक्क्यावर बसले. ऊन रणरणत होते. पाणी चढत होते, आणि त्याच्याकडे पाहताना त्या मुलीची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. बोलावे, तर आपण खोटे लिहिले हे आपल्याच तोंडाने सांगितल्यासारखे होते, आणि खोटे लिहिणाऱ्याला आचार्य सभेला पाठवणार नाहीत. न बोलावे, तर वही पाण्यात जाते, आणि वहीवाचून सभा नाही. दोन्हीकडून वाट बंद. खडकावर पाणी प्रतिपदेच्या ओल्या रेघेला लागले. मग ती रेघ दिसेनाशी झाली.

मुलगी ताडकन उठली आणि तशीच पाण्यात उतरली. "आचार्य, आज बीज हाय! पानी चढंल! वही जाईल!"

"जाणार कशी?" आचार्य जागचे हलले नाहीत. "ग्रंथात तसे नाही. तुझ्या वहीतही नाही. तू कशावरून म्हणतेस?"

"मी बघितलंय!"

"किती वेळा?"

"चौदा उधाणं. अकरा वेळा बीजेला, तीन वेळा प्रतिपदेला. पुनवेला आन् अवसेला एकदापन नाय!"

"आणि वहीत काय आहे?"

गुडघाभर पाण्यात उभी राहून ती आचार्यांकडे पाहत राहिली. "वहीत खोटं आहे," ती म्हणाली. "मी लिहिलं. मला भीती वाटली."

"मग ती उचलायची आहे का? हात पोचेल तुझा."

तिने वहीकडे पाहिले. हात पोचला असता. पाणी कपारीत शिरले, पहिल्या पानावरची शाई सुटून निळी-काळी होऊन पसरली. मुलीने हात पुढे केला नाही. पाण्याने वही गोट्याखालून सोडवली, एकदा फिरवली आणि धक्क्याच्या पलीकडे नेली. तेव्हा मात्र ती पाण्यातच बसली आणि ढसाढसा रडली.

आचार्यांनी मुलांना पाठशाळेकडे पाठवले. मग स्वतः धोतर खोचून पायऱ्या उतरले आणि तिच्याजवळ ओल्या दगडावर बसले.

"मुली," ते म्हणाले, "मी नावाड्याचा मुलगा. माझा बाप याच खाडीत नाव चालवत असे. बेचाळीस वर्षांपूर्वी याच प्रश्नाची वही घेऊन मी सभेपुढे उभा राहिलो होतो. मीही आकडे बदलले होते. पंडितांना फार आनंद झाला. नावाड्याच्या मुलानेही प्रत्यक्ष पाहून हेच सांगितले, म्हणून ग्रंथातल्या त्या वाक्याखाली त्यांनी माझे नाव साक्षीला घातले. तू प्रत केलीस त्या पानावर ते आहे."

मुलीने डोळे पुसले. ते नाव तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते, पण ते या समोरच्या माणसाचे असेल असे तिच्या मनातही आले नव्हते.

"पुढे पलीकडच्या तीरावर खारजमिनीला बांध घातला गेला. उधाणाच्या दिवशी बांधावर पहारा ठेवावा असे ठरले. किती दिवस ठेवावा, हे अधिकाऱ्याने ग्रंथ पाहून ठरवले. अमावास्येला पहारा बसला, दुसऱ्या सकाळी उठला. गावातले लोक हातापाया पडून सांगत होते, बीजेपर्यंत थांबा. त्याने त्यांना ते पान दाखवले. बीजेला दुपारी पाणी बांधावरून आत आले. सात माणसे गेली. बारा वर्षे त्या शेतांत भात झाला नाही."

पाणी आता स्थिर झाले होते, जणू वर चढावे की मागे जावे याचा निर्णय होत नव्हता.

"मी टेकडीवर गेलो. सांगितले, माझे आकडे खोटे होते. ते म्हणाले, तरुणपणी तू डोळ्यांनी पाहिलेस, आता म्हातारपणी शोकाने बोलतो आहेस. माझ्याच वहीने मला खोटे पाडले. तेव्हापासून मी वाट पाहत होतो."

"पण मग तुम्ही मला आधीच का नाही सांगितलं?" मुलीच्या आवाजात आता राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "पहिल्याच दिवशी सांगायचं! आईला मी सगळ्यांसमोर गप्प केलं तेव्हा सांगायचं!"

"त्या दिवशी मला मान वर करवली नाही," आचार्य म्हणाले. "पण मी सांगितले असते, तर तू ग्रंथाचे ऐकायचे सोडून माझे ऐकले असतेस. फरक एवढाच पडला असता. सभेत पंडित आवाज चढवतील तेव्हा मी तिथे नसणार, आणि उसने घेतलेले खरे तेवढा वेळ टिकत नाही. पंडितांच्या घरचा मुलगा सभेत ग्रंथाशी भांडतो, कारण तो ग्रंथ त्याच्या आजाने लिहिलेला असतो, आणि आजाशी भांडायची त्याला घरातच सवय असते. आपल्याकडे ग्रंथ वरून येतो. म्हणून आपले डोळे आणि ग्रंथ यांत तंटा पडला, की आपण पहिल्यांदा आपले डोळे काढून ठेवतो. तुझे अक्षर मी शिकवू शकलो, उत्तर द्यायची रीत शिकवू शकलो. हे एक मात्र तुला पाण्यात उभे राहून स्वतःच म्हणावे लागणार होते."

मग मुलगी उठली, छपराखाली गेली, आणि चटईखालची कच्ची वही घेऊन आली. पानांवर लाल बोटांचे ठसे होते. कितीतरी आकडे खोडून पुन्हा तेच लिहिलेले होते, कारण प्रत्येक वेळी तिला वाटले होते की आपले चुकले. आचार्यांनी ती धुवट फडक्यात बांधली आणि सोबत पत्र दिले. पत्र दोन ओळींचे होते. "हिची वही मळकी आहे, तशीच वाचावी. त्या वाक्याखालची माझी साक्ष मी आज पुन्हा एकदा परत घेत आहे."

पंचमीला सभा भरली. इतरांच्या वह्या रेशमी वेष्टनांत होत्या. मुलीने आपले फडके सोडले तेव्हा मागच्या रांगेत कोणी तरी हसले. प्रमुख पंडितांनी दोन बोटांत पाने धरून वही चाळली आणि ते गरजले, "ग्रंथ पौर्णिमा म्हणतो. तू बीज म्हणतेस. म्हणजे ग्रंथ खोटा?"

मुलीचे हात आपोआप जोडले जाऊ पाहत होते. पण तिला अंगणातला चपटा दगड आठवला, आणि हा राग नाही, हा प्रश्न आहे, असे तिने स्वतःला बजावले.

"ग्रंथ कोणी, कुठे, कसे मोजून लिहिला ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी आमच्या खाडीत पंधरा उधाणे मोजली. बारा वेळा बीजेला, तीन वेळा प्रतिपदेला. आणि माझ्या आधी माझ्या आईला हे ठाऊक होते. आमच्या वाड्यात होडी वर ओढतात ती बीजेच्या पाण्यावर. पौर्णिमेला ओढली तर अर्ध्या वाटेत रुतते."

"वारा असेल."

"मलाही तसेच वाटले होते. वाऱ्याचे दिवस मी समासात वेगळे लिहिले आहेत. त्या दिवसांना वगळूनही तेच येते."

पंडितांनी समास पाहिला. मग ते जरा पुढे सरकून बसले. "बरे. चंद्र तर पौर्णिमेलाच पूर्ण होतो. मग पाणी दोन दिवस कशासाठी थांबते?"

हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

"मला ठाऊक नाही," मुलगी मान वर ठेवून म्हणाली. "तेच शिकायला मी इथे आले आहे."

तिला प्रवेश मिळाला का, असे तुम्ही विचाराल. मिळाला. पण माझ्या मते त्या दिवशी त्याहून मोठी गोष्ट झाली. सभेतले सर्वात वयोवृद्ध पंडित, ज्यांनी बेचाळीस वर्षांपूर्वी ती साक्ष ग्रंथात घातली होती, ते आचार्यांचे पत्र हातात धरून बराच वेळ बसले होते. त्यांनी मुलीला विचारले, "येत्या बीजेला पाणी केव्हा भरेल?"

"माध्यान्हीनंतर चार घटकांनी."

त्यांनी पायांनी चाचपून आपल्या खडावा शोधल्या.

ज्यांच्या घरात ग्रंथ नव्हता त्यांच्या हाती ग्रंथ देणे आपण अलीकडे शिकलो आहोत, आणि ते चांगलेच आहे. त्यांच्या घरातून काय आले आहे ते विचारायला आपण अजून शिकायचे आहे.

पुढल्या बीजेला दुपारी आचार्य धक्क्यावर एकटेच बसले होते. मुले आत जेवत होती. तेवढ्यात टेकडीच्या वाटेवर त्यांना माणसांची रांग दिसली. पांढरी उपरणी, हातात धरलेल्या खडावा, चिखल टाळत टाळत खाली येणारे नऊ-दहा पंडित. रांगेच्या पुढे ती मुलगी होती, आणि तिच्याशेजारून, डोक्यावर टोपली घेऊन, पंडितांना पाय कुठे ठेवायचा ते सांगत तिची आई चालली होती. भरतीला अजून घटकाभर अवकाश होता. त्यांनी वाटीतला गेरू भिजवला आणि काठी टेकत पायऱ्या उतरून ते वेळूला लेप द्यायला बसले.